दहा नग, सव्वीस नग

गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारा एक सी प्रोग्राम समजा. रेकॉर्ड ४८ बाइटचं, सुरुवातीला मालाचं नाव, शेवटच्या दोन बाइटांत नग; रेकॉर्डं शंभर. फाईल ४,८०० बाइटची हवी. डिर मारलं की डॉस दाखवतो ४,८०३. वरचे तीन बाइट कुठून आले?

टर्बो सी किंवा मायक्रोसॉफ्ट सीवर ज्यांनी पोट भरलं, ते झोपेतही सांगतील: कुठल्या तरी तीन मालांचे नग नेमके दहा होते आणि फाईल उघडताना 'डब्ल्यू'पुढे 'बी' लिहायचा राहिला. 'बी' नसला की फाईल टेक्स्ट मोडमध्ये उघडते. त्या मोडमध्ये लायब्ररीला १० हा बाइट दिसला की ती त्याला ओळीचा शेवट समजते आणि त्याच्याआधी १३ घुसवते. डीबगमध्ये फाईल उघडली की '०ए ००'च्या जागी '०डी ०ए ००' दिसतं.

खरी मेख पुढे आहे. अशी फाईल पहिल्यापासून ओळीने वाचली तर काही बिघडत नाही, कारण वाचताना तीच लायब्ररी तो १३ गुपचूप काढून घेते. चाचणी पास, बिल पास. एक दिवस कोणी तरी एफसीकने थेट सत्तरावं रेकॉर्ड मागतं. अलीकडे एक जादा बाइट असल्यामुळे वाचन एक घर आधी सुरू होतं. तिथे असतो आधीच्या मालाच्या नगसंख्येचा वरचा बाइट, म्हणजे शून्य. सीच्या लेखी शून्य म्हणजे स्ट्रिंग संपली, त्यामुळे मालाचं नावच कोरं. शेवटच्या रकान्यात बारा नगांचे तीन हजारांवर झालेले. आणि एखाद्या मालाचे नग सव्वीस असले, तर वाचन तिथेच थांबतं. पुढचा माल डिस्कवर आहे, प्रोग्रामच्या लेखी नाही.

लोक कंपायलरला शिव्या घालायचे. मला त्या कधी पटल्या नाहीत. सी जिथे जन्मली त्या बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये फाईल म्हणजे नुसती बाइटांची रांग, ओळीचा शेवट एका बाइटात, लांबी सिस्टिमला ठाऊक. गॅरी किल्डॉलच्या सीपीएममध्ये फाईल मोजायची ती १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर कुठे संपला हे सांगायला कंट्रोल-झेड, म्हणजे २६. डॉस फाईलची लांबी बाइटापर्यंत नोंदवत असे, तरी ही जुनी रीत त्याने सोडली नाही. (घरात नळ आला तरी आडावरचा रहाट कोणी काढत नाही, तसं.) १९७९च्या बीडीएस सीमध्ये तर टेक्स्ट फाईल बंद करण्याआधी तो २६ प्रोग्रामरने स्वतः लिहायचा होता.

आता कंपायलर लिहिणाऱ्याच्या जागी बसून बघा. गिऱ्हाइकाच्या हातात कर्निघन-रिचींचं १९७८चं पुस्तक. त्यात 'बी' नाहीच. पुस्तकातला प्रोग्राम जसाच्या तसा चालला पाहिजे, आणि त्याने लिहिलेला मजकूर डॉसच्या एडिटरमध्ये धड दिसलाही पाहिजे. म्हणजे काही न सांगता उघडलेली फाईल टेक्स्टच धरायला हवी. मीही तेच केलं असतं. 'बी'ला प्रमाण सीमध्ये जागा मिळाली ती १९८९च्या आन्सी मानकात. तोवर निम्मी मंडळी सवयीने 'आर' नि 'डब्ल्यू' लिहीत होती.

त्यामुळे अशी तक्रार आली की मी सोर्स उघडत नाही. आधी फाईलच्या लांबीला रेकॉर्डच्या लांबीने भागतो. बाकी उरली की निम्मं काम झालं. सव्वीसची भानगड मात्र या भागाकारात सापडत नाही, तिथे हिशेब बरोबर येतो. तिच्यासाठी २६ दिसताच थांबणारी टाइप आज्ञा आणि डिर शेजारी ठेवायचे. डॉसच्या एडलिन या एडिटरने बनवलेल्या फाईलच्या शेवटी एक २६ बसलेला असे. तिला 'ए' मोडमध्ये रोज नोंदी जोडत गेलं, तर डिरमधला आकडा वाढत जातो आणि टाइप मात्र पहिल्या दिवसाचाच मजकूर दाखवत राहतो. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत 'ए' हा जुना २६ तसाच ठेवून पुढे लिहितो, 'ए प्लस' तो आधी पुसतो. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे.