समुद्रापूर्वीचा मुक्काम

दिवाळीनंतर वसतिगृहात परतलो, त्या आठवड्यात खाजणाकाठच्या विजेच्या तारांवर आम्हांस अमूर ससाणे दिसले. कोकण किनाऱ्यावर त्यांचे दर्शन विरळाच. सुमारे १५० ग्रॅम वजनाचा हा पक्षी सैबेरिया व उत्तर चीनमधून निघून, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेत हिवाळा काढतो. २०१२ साली नागालँडमध्ये हजारो ससाणे जाळी लावून मारले गेले. २०१३ पासून तेथील गावकऱ्यांनीच ही शिकार थांबवली. त्यांचे उत्पन्न बुडाले, तरी पाखरांची वाट मोकळी झाली. गावोगावच्या मूठभर धान्यावर आमचे वसतिगृह चालले. अनोळखी गावाचा आधार वाटसरूला कुठवर नेतो, हे आम्ही जाणतो.