पैसा कुठे जातो आणि आम्ही कुठे जातो

आमचा धाकटा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द आम्हाला पटत नाही. स्वतःत मग्न कसला! शेजारच्या घरातला मिक्सर कधी सुरू होईल याकडेसुद्धा त्याचं लक्ष असतं.

दर महिन्याला कोणीतरी नातेवाईक मोबाइलवर बातमी पाठवतात. अमुक देशात जनुक सापडलं, तमुक ठिकाणी औषध येतंय. पाठवणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण बातमी वाचताना आमच्या मनात हिशोब चालू असतो तो मंगळवारचा. मंगळवारी मुलाची थेरपी असते. वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमाला यायचं, तिथून पीएमपीची बस, मग वाघोलीची कोंडी. पाऊण तासाच्या थेरपीसाठी अख्खा दिवस जातो. आमच्यापैकी एकजण शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरा सणसवाडीच्या कारखान्यात शिफ्टला जातो. म्हणजे कोणाची तरी रजा आलीच.

म्हणून आम्ही एकदा नीट वाचून काढलं की ऑटिझमच्या नावाने जगात पैसा येतो तो जातो कुठे. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये आपला ऑटिझमचा कायदा पुढे चालू ठेवला. त्यात पाच वर्षांसाठी सुमारे 195 कोटी डॉलर आहेत. त्याआधी, 2013 साली ब्रिटनमध्ये संशोधनाच्या पैशाचा हिशोब मांडला गेला. निम्म्याहून जास्त, 56 टक्के पैसा मेंदू आणि शरीराच्या अभ्यासाला गेला होता. सेवा कशा द्याव्यात याच्या अभ्यासाला होते 5 टक्के. ऑटिस्टिक माणसं आणि त्यांच्या घरच्यांना विचारलं तेव्हा त्यांना हवं होतं रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असं काही.

हे वाचून संशोधन बंद करा, सगळा पैसा थेरपीला द्या, असं म्हणायला सोपं आहे. आम्ही तसं म्हणणार नाही, त्याला कारण आहे.

मुलगा चार वर्षांचा असताना एका तज्ज्ञांनी सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, दोन भाषांनी तो गोंधळेल. अंगणवाडी मराठी, गाव मराठी, म्हणजे उर्दू सोडायची. त्याच्या दादीला हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मैं इससे मराठी में लाड कैसे करूँ?" घरात सर्वात जास्त वेळ त्याच्याजवळ बसणारी माणूस गप्प होणार होती. तेव्हा आम्ही शोधलं. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मुलांवरचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला आहे. दोन भाषा ऐकणारी ऑटिस्टिक मुलं एक भाषा ऐकणाऱ्या मुलांपेक्षा बोलण्यात मागे पडलेली त्यात दिसली नाहीत. दादींची उर्दू चालू राहिली. आज तो पाणी मराठीत मागतो आणि रुसला की उर्दूत रुसतो. हे संशोधनानेच दिलं आम्हाला.

लसीचंही तसंच. गोवराच्या लसीने ऑटिझम होतो असा लेख 1998 मध्ये ब्रिटनच्या एका नियतकालिकात आला, 2010 मध्ये त्यांनीच तो मागे घेतला. मधल्या काळात ते खोटं ठरवायला किती शास्त्रज्ञांची किती वर्षं गेली! तो पैसा वाया गेला असं आम्हाला वाटत नाही. कारण अजूनही लग्नकार्यात कोणी खाला कानाशी येऊन विचारतात, "सुई की वजह से हुआ क्या?" त्यांना ठामपणे नाही म्हणता येतं.

म्हणजे संशोधन हवंच, पण कोणत्या प्रश्नाचं? आम्हाला सर्वात आवडलेलं उदाहरण जवळचं आहे, गोव्याचं. तिथली संगथ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे लोक यांनी मिळून 65 मुलांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2016 च्या सुमारास आले. मोठे डॉक्टर नाहीत, महागडी यंत्रं नाहीत. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते आईवडिलांना भेटायचे, मुलाबरोबरच्या खेळाचं चित्रीकरण करायचे आणि ते पालकांबरोबर बसून पाहायचे. मूल कुठे बघतंय, काय सांगू पाहतंय, तुम्ही जरा थांबलात तर ते बोलतंय का. अशी 12 सत्रं. त्या घरांत आईवडिलांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. यात संशोधन कुठे संपलं आणि सेवा कुठे सुरू झाली, सांगता येत नाही. असा माणूस शिरूर तालुक्यात मोटरसायकलवर फिरू लागला तर आमचा मंगळवार घरीच होईल.

कागदावर आपल्याकडे पुष्कळ आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं आरोग्य पथक त्याचीही लक्षणं पाहतं. भारतातच तयार झालेल्या 40 मुद्द्यांच्या मोजपट्टीवर प्रमाणपत्र मिळतं. निरामय विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही बसते. मात्र आधी खिशातून भरायचे आणि पावत्या जोडायच्या. रोजंदारीवरच्या घराला हे "आधी" जमत नाही. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी प्रमाणपत्राचं काम आधी उरका. लाज धरू नका, मुलीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक गावांत तो वर्षातून एकदा थोडा थोडा वाटला जातो. मिळालेले पैसे घरखर्चात जातात, तक्रार नाही. पण पाच-सहा गावांनी त्यातला काही भाग एकत्र केला तर कोरेगाव किंवा शिक्रापुरात आठवड्यातून दोन दिवस एक थेरपिस्ट बसू शकेल, असा आमचा अंदाज आहे. रमजानमध्ये सदका कुठे द्यावा असं विचारणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगतो: एखाद्या मुलाचं सहा महिन्यांचं बसभाडं आणि फी उचला.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी आम्ही अर्ज लिहून ठेवला आहे. शेजारच्या गावातली तीन घरं त्यांच्या ग्रामसभेत तोच अर्ज देणार आहेत. त्यातल्या एका घरची मुलगी सतरा वर्षांची आहे. कायद्याने मोफत शिक्षण अठरापर्यंत. पुढच्या वर्षी ती दिवसभर कुठे बसेल, हा प्रश्न तिच्या आईने स्वतःच्या हाताने अर्जात खाली लिहिला आहे.