हाडांचा डॉक्टर कुठे घडतो?

भाचीचा नीट-पीजीचा निकाल लागला आणि तिने ऑर्थोपेडिक्स घेणार म्हणून जाहीर केलं. आपाचा चेहराच पडला. "मुलीच्या जातीने गायनॅक घ्यावं. हातोडी-करवत हे पुरुषांचं काम." आमच्यात मुलगी डॉक्टर झाली की सगळ्यांना अभिमान, पण कशाची डॉक्टर हे ठरवायला अख्खा मोहल्ला हजर! मी भाचीच्या बाजूने होतो. पण तीन वर्षं कुठे काढायची, हा प्रश्न उरलाच.

तिच्या यादीत सायन, केईएमसारखी पालिकेची रुग्णालयं होती, तशी नेरूळ-कामोठ्याकडची खासगी कॉलेजंही. खासगीच्या फीचा आकडा ऐकून आपाने तसबीह हातात घेतली. भाचीने मात्र सिनियर रेसिडेंटना फोन लावून वेगळंच विचारलं. पहिल्या वर्षी नुसतं प्लास्टरच घालायचं, की खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये स्क्रू बसवायलाही मिळतो? सांधा बदलताना शिकाऊ डॉक्टर फक्त पाय धरून उभा असतो का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत आठवड्याची सुटी आणि पुरेशी विश्रांती लिहिली आहे, ती खरंच मिळते का? मुलींसाठी वेगळी ड्युटी रूम आहे का? एका ठिकाणी उत्तर आलं, "आमच्याकडे मुली टिकत नाहीत." तिने ते नाव तिथेच खोडलं. "टिकत नाहीत की टिकू देत नाहीत, हे कोण सांगणार, मामू?"

शहर मी माझ्या पद्धतीने दाखवलं. मसाला मार्केटात माझी वीस वर्षं गेली, म्हणून पहाटे तिला एपीएमसीत नेलं. मुंबईच्या गर्दीतून वाशीला हलवलेले हे पाच बाजार. भाजी आणि फळांचा बाजार 1996 साली इथे आला. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर ट्रक लागले होते आणि माथाडी पाठीवर पन्नास किलोच्या गोण्या घेऊन उतरत होते. बरेचसे साताऱ्याकडचे. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांना मजुरीची आणि फंडाची हमी दिली, पण मणक्याची हमी कुठला कायदा देणार? मी दर विचारत होतो, ती त्यांच्या चालीकडे बघत होती. "तो उजवा पाय वाचवतोय, बघा." साठीच्या एका हमालाशी ती बोलायला लागली. गुडघा बदलायला सांगितलाय, तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "बदलल्यावर गोणी उचलता येईल का, ताई?" ती गप्प झाली. अशा गुडघ्यावर एवढं ओझं उचलू नये, हे तिला माहीत होतं. घर त्या गोणीवर चालतं, हेही तिला दिसत होतं.

आमच्या मशिदीत मागच्या सफेत खुर्च्या वाढत चालल्यात. गुडघा बदललेल्यांना जमिनीवर बसणं जड जातं, सजदा खुर्चीवरूनच. म्हणून मी तिला सांगितलं, ज्या ओपीडीत पेशंटला "तुम्ही घरी कसे बसता, काय काम करता" असं विचारतात, तिथे शीक. जयपूर फूट असाच घडला. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मांडी घालणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसाचा विचार करून तो बनवला.

शहर म्हणून नवी मुंबई तिला आवडली. रस्ते रुंद, लोकल हाताशी. एमआयडीसीतले आणि सायन-पनवेल हायवेवरचे अपघात म्हणजे शिकायला कामही भरपूर (हे बोलताना जीभ अडखळते). पण भाड्याच्या खोलीसाठी मी दोन फोन केले आणि दोन्हीकडे आडनाव सांगताच खोली "कालच गेली" होती. तेव्हा हॉस्टेल असेल तिथेच जायचं, एवढं पक्कं झालं.

शेवटच्या दिवशी रात्री अकराला तिने यादी लॉक केली. पहिलं नाव सायनचं, कारण लोकलचे आणि हायवेचे जखमी तिथे रात्रंदिवस येतात. दुसरं केईएम. नेरूळ खाली, फीमुळे. आपाने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "रात्री ड्युटीवरून हॉस्टेलपर्यंत चालत यावं लागतं का गं?" भाचीने तेही विचारून ठेवलं होतं.