गर्भांकाचे प्रेक्षक

नाटकाच्या आत नाटक दाखविण्याची जी युक्ती आहे, तिला आपल्या संस्कृत शास्त्रकारांनी 'गर्भांक' असे मोठे समर्पक नाव दिले आहे. एका कल्पित सृष्टीच्या उदरात दुसरी कल्पित सृष्टी वाढते आणि पहिलीतील माणसे दुसरीचे प्रेक्षक होऊन बसतात. या युक्तीचा अत्यंत हृद्य नमुना आमच्या विदर्भाच्या भवभूतीने आठव्या शतकात निर्माण केला, याचा आम्हांस थोडासा अभिमान आहे. 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा करून दाखवितात. प्रेक्षकांत खुद्द राम बसलेला असतो. आणि समोर, त्याने त्यागिलेली सीता गंगेत उडी टाकावयास निघते. राम भान विसरून तिला थांबवू लागतो, तेव्हा लक्ष्मणाला त्यास आठवण द्यावी लागते की, हे नाटक आहे.

राम-लक्ष्मणांची ही जोडी एकदा मनात ठसली म्हणजे ती नको तेथेही भेटू लागते. मध्यंतरी मुलांच्या आग्रहास्तव आम्ही 'गॅलेक्सी क्वेस्ट' हा १९९९ सालचा अमेरिकन चित्रपट घरी पाहिला. त्यातील गर्भांक म्हणजे अवकाशवीरांच्या पराक्रमाची एक दूरचित्रवाणी-मालिका. ती बंद पडून बरीच वर्षे झालेली असून तिच्यातील नट जुनेच पोशाख चढवून चाहत्यांच्या संमेलनांत सह्या देत फिरत असतात. अशात दूरच्या ताऱ्यांवरून थर्मियन नावाचे लोक येतात. कल्पित गोष्ट म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नाही. मालिका त्यांनी इतिहास म्हणून अभ्यासिली आहे, नाटकी यानावरून हुबेहूब खरे यान बांधिले आहे, आणि एका क्रूर शत्रूपासून सोडविण्यासाठी ते या नटांनाच घेऊन जातात.

मुले पोट धरधरून हसत होती. परंतु पुढे एक प्रसंग असा आला की, ती एकदम गप्प झाली. शत्रूच्या छळाने अर्धमेला झालेल्या थर्मियन नायकास कप्तानाचे काम करणाऱ्या नटाला सांगावे लागते की, आम्ही वीर नव्हे. ते सारे सोंग होते. येथे राम आणि लक्ष्मण यांची गाठ पडते, पण फार उशिरा पडते. त्यानंतर ते नट खरोखरच शौर्य गाजवितात, ही गोष्ट निराळी. तो कबुलीचा क्षण मात्र मनातून जात नाही.

त्याच वर्षी आम्ही सहकुटुंब केळझरला गेलो. नागपूर-वर्धा रस्त्यावरील, सेलू तालुक्यातील हे गाव. येथील टेकडीवरच्या सिद्धिविनायकाची गणना विदर्भाच्या अष्टविनायकांत होते. केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी आणि भीमाने बकासुरास मारिले ते येथेच, अशी या भागातील परंपरा आहे. धाकट्याने अर्थातच विचारले, "बाबा, बकासुर खरंच इथे राहत होता?" आम्ही उत्तर जुळवीत आहो तोच थोरली म्हणाली, "खानदेशात एरंडोलचे लोकही त्यांचंच गाव एकचक्रा म्हणतात. मग हे सगळे थर्मियनच की!"

पायरीवर फुले विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने हे ऐकले. थर्मियन म्हणजे कोण हे तिला कळले नसावे. पण रोख कळला. ती न रागावता म्हणाली, "असन का नसन, थे देवाले ठाव. पर ज्या घरची पाळी आली, त्या घरच्या मायचं काय झालं असन, थे तं सांग बाई."

या प्रश्नाने कथा पुन्हा तिच्या मूळ जागी येऊन बसली. आम्ही तेथेच बसून मुलांना आदिपर्वातील ते घर सांगितले. राक्षसाकडे कोणी जावयाचे, यावरून ब्राह्मण, त्याची पत्नी आणि कन्या एकमेकांस वाचविण्यासाठी वाद घालीत आहेत. आणि बोबडे बोलणारा लहानगा मुलगा हातात गवताची काडी घेऊन सांगतो की, हिने मी राक्षसाला मारीन. त्या दुःखातही सर्वांना हर्ष होतो आणि नेमकी हीच वेळ साधून कुंती पुढे येते. बकवधानंतर त्याच घरी दुसरा एक ब्राह्मण उतरतो. तो देशोदेशीच्या गोष्टी सांगतो, द्रौपदीच्या जन्माची कथा सांगतो. ती ऐकून पांडवांची मने अस्वस्थ होतात आणि ते पांचालाची वाट धरितात. हे सारे वैशंपायन जनमेजयास सांगत आहे. तेच सौती नैमिषारण्यातील ऋषींना सांगत आहे. आणि आम्ही ते केळझरच्या टेकडीवर दोन मुलांना सांगत होतो.

एका एकचक्रेवर दोन गावांनी हक्क सांगितला तर दोन्ही खरी ठरणार नाहीत, हे थोरलीचे म्हणणे बिनतोड होते आणि आम्ही ते तसे मान्यही केले. तिला गप्प बसविणे म्हणजे घरातील लक्ष्मणास हाकलून देणे होय; आणि लक्ष्मण नसलेल्या प्रेक्षकाचे काय होते, हे थर्मियनांनी दाखविलेच आहे. उलट, धाकट्यास 'हे सारे खोटे' असे सांगून मोकळे होणे म्हणजे रामाला नाट्यगृहातून उठवून लावणे. मग सीतेसाठी कोणाचा जीव कासावीस होणार? एकाच आसनावर दोघांनाही बसू देणे, यालाच आम्ही रसिकता म्हणतो. ही सवय मुलांना बालपणीच लागावी, अशी आमची फार इच्छा आहे. कारण ज्या काळात प्रत्येक घरात रात्रंदिवस चित्रे हलत असतात, त्या काळात केवळ भोळेपणा जितका घातक, तितकीच कशानेच न हलणारी हुशारीही घातक.

राक्षस काडीने मरत नाही, हे त्या घरातील सर्वांस ठाऊक होते. तरीही त्या काडीने त्यांचे रडे क्षणभर थांबले, आणि तेवढ्या अवधीत कुंतीला बोलता आले. आमच्या मते सर्व कल्पित वाङ्मयाचे काम याहून फारसे अधिक नाही, आणि कमी तर नाहीच नाही.