गच्चीवरची पेटी

आमच्या बेळगावात पाऊस भरपूर, पण मोजून ठेवलेला थोडा. म्हणून शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापकाला आम्ही डेटा लॉगर जोडला. मापकातली इवलीशी दुहेरी वाटी दर ०.२ मिलिमीटर पावसाला कलंडते; ही पेटी ते टिपते.

खरा खल विजेवर झाला. संगणकाकडची तार तुटली तरी नोंदी पेटीच्या स्मृतीत राहतात. पण वीज गेली की तेवढा पाऊस कायमचा गेला, आणि वीज जाते तीही नेमकी मुसळधार कोसळताना! म्हणून १२ व्होल्टची बॅटरी, तिला सोलर पॅनेल आणि धन तारेवर फ्यूज. जोडण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण दोनदा तपासले. इथली उलटापालट यंत्राच्या जिवावर बेतते.

संगणक खाली प्रयोगशाळेत, तारेने साठेक मीटरवर. आरएस-२३२ ची मजल साधारण १५ मीटर, म्हणून आरएस-४८५ निवडले. त्यातल्या ए आणि बी तारा उलट लागल्या तर सहसा काही जळत नाही, पेटी फक्त अबोला धरते. दोन्ही टोकांना वेग ९६०० ठेवला.

पडद्यावर ०.२ उमटले तेव्हा आठवीतला एक जण वर तांब्याने थेंब थेंब पाणी सोडत होता. त्याला थांबवायला बराच वेळ कोणी गेलेच नाही. वहीत ती नोंद ‘तांब्याचा पाऊस’ अशी वेगळी लिहिली आहे.