सही अजून केलेली नाही

पोस्ट जरा लांबली आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

मागच्या रविवारी चुलतभावाचा फोन आला. बायपासला लागून आमचं पाच एकर सामाईक रान आहे, त्यात अण्णांच्या वाटणीचं अडीच एकर. प्लॉटिंगवाल्याने भाव ठरवलाय, कागद तयार आहेत. "तुझी, काकूची नि ताईची सही तेवढी राहिलीय. कधी येतोस?" दादाने विचारलं. दोन दिवसांनी सांगतो म्हणालो.

कागद बघावेत म्हणून अण्णांची पत्र्याची पेटी काढली. त्यात जुने सातबारे निघाले. बाराच्या नमुन्यात तलाठ्याच्या अक्षरात वर्षावर्षाची पिकं लिहिलेली. ज्वारी, तूर, करडई. १९७२-७३ ला 'पड'. दुष्काळच होता तो. पुढे सोयाबीन आलं ते आजतागायत.

देशात किती जमिनीवर पेरा होतो, हा आकडा अशाच नोंदींची बेरीज करत गावातून तालुक्याला, जिल्ह्याला आणि शेवटी दिल्लीला जातो. मग म्हटलं, तो आकडाच बघू. रात्री दीडपर्यंत बसलो.

१९५०-५१ साली देशात निव्वळ पेरणीखालचं क्षेत्र होतं सुमारे ११ कोटी ८७ लाख हेक्टर. १९७०-७१ पर्यंत ते १४ कोटींवर गेलं. पडीक रानं फोडली, कालव्यांचं पाणी आलं. त्यानंतर आकडा तिथंच अडकला. २०२१-२२ ला तो १४ कोटी १० लाखांच्या आसपास आहे. पन्नास वर्षं जवळपास जैसे थे.

माणसं मात्र वाढत गेली. १९५१ ला ३६ कोटी, आज १४० कोटींच्या वर. आपल्या भाषेत गुंठ्यांत सांगतो. तेव्हा माणशी ३२-३३ गुंठे पेरणीची जमीन यायची, आज १० गुंठ्यांच्या आसपास येते. तरी आपण उपाशी नाही, कारण धान्य ५ कोटी टनांवरून ३० कोटी टनांच्या पुढे गेलं. बियाणं, खत, पाणी यांनी ते केलं. त्याच रानात वर्षात दोनदा पेरा होऊ लागला. दोनदा पेरलेलं दोनदा मोजलं तर पीकक्षेत्र १३ कोटी हेक्टरवरून २२ कोटींच्या घरात गेलंय. तेवढ्याच जमिनीला आपण जास्त राबवतोय.

कुणी म्हणेल, मग ओरड कशाची? जमीन तर कमी झाली नाही. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्याच तक्त्यात शेजारी दुसरा रकाना आहे, बिगरशेती वापराचा. तो १९५०-५१ ला ९४ लाख हेक्टरच्या आसपास होता, आता अडीच कोटींच्या पुढे आहे. घरं, रस्ते, धरणं, कारखाने सगळं त्यात आलं. तामिळनाडूत पेरणीखालची जमीन घटली, राजस्थानात वाढली. देशाची बेरीज तीच दिसते.

आपल्या गावाभोवती फिरून बघा, हेच दिसेल. जुनी गावं पाण्याच्या आणि चांगल्या मातीच्या आधाराने वसली. त्यामुळे गाव वाढलं की पहिला घास त्याच मातीचा जातो. बायपासच्या दोन्ही बाजूंची काळी, पुरुषभर खोल जमीन आता सिमेंटच्या खांबांनी आखलेली आहे. आणि तिकडे डोंगराच्या उतारावर लोकांनी गायरान नांगरलंय. वीतभर माती, खाली मुरूम. चार दिवस पावसाने ओढ दिली की पीक माना टाकतं. कागदावर मात्र एक हेक्टर गेला आणि एक आला, हिशोब बरोबर! काही ठिकाणी तर तेवढाही खरा नाही. खुणेचे दगड रोवलेल्या रानाच्या सातबाऱ्यावर सोयाबीन उभं असलेलं मी स्वतः पाहिलंय.

आता माझं सांगतो. दिवाळीला माझ्या घरात जो फराळ होतो, त्यात प्लॉटिंगच्या जाहिरातींचं कमिशन आहे. 'स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, निसर्गाच्या सान्निध्यात' ही ओळ मीच लिहिलेली. जागा एनए आहे का, हे कधी विचारलं नाही. त्यातल्या दोन ठिकाणी आपल्याच ओळखीच्या लोकांचे पैसे अडकलेत, हे तुम्हालाही माहीत आहे.

मंगळवारी दादाकडे गेलो आणि हे आकडे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझा दहा गुंठ्यांचा हिशोब फेसबुकवर टाक. सोयाबीनचा हिशोब मी सांगतो. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता, मी त्याच्या खाली विकलं. पोरीची फी कुठल्या गुंठ्यातून भरू?" वहिनींनी चहा आणला, तेव्हा कुणीच बोलत नव्हतं.

काय उत्तर देणार? तो रोज रानात जातो, मी वर्षातून एकदा हुरडा खायला जातो. राज्यात १९७०-७१ ला खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ ला १.३४ उरले. एवढ्यावर घर चालवणाऱ्याला 'माती वाचव' सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याचा पगार त्या मातीतून येत नसला तर फारच सोपं.

म्हणून दादाला दोष देणार नाही. पण नगरपालिकेत आणि पंचायत समितीत बसलेल्यांना विचारणार आहे. गावाच्या वाढीचा आराखडा करताना मुरमाड जमीन आधी आणि काळी शेवटी, एवढं तरी ठरवता येत नाही का? पीकपाहणी आता मोबाइलवर फोटो काढून होते. मग दगड रोवलेल्या रानात पीक कुणाच्या फोटोतून येतं?

माझ्यापुरतं एक ठरवलंय. यापुढे एनएचा आदेश बघितल्याशिवाय प्लॉटची जाहिरात घेणार नाही. यंदाची दिवाळी त्यामुळे जरा कोरडी जाईल, बायकोला सांगून ठेवलंय.

सहीचं म्हणाल तर आईला विचारलं. ती म्हणाली, "दादाच्या पोरीची फी आधी भर, मग सहीचं बघू." पहिला हप्ता काल भरला. कागद अजून पेटीवरच पडून आहेत.

तुमच्या घरातही असा कागद पडून असेल, तर काय केलंत ते लिहा.