डूख

बाळू मला पहिल्यांदा चावला तेव्हा आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "डूख धरलाय त्याने तुझ्यावर. आता सोडायचा नाही तो."

तसा चावा किरकोळ होता. बाळू म्हणजे बॉल पायथन, बिनविषारी. अंगठ्यावर लाल ठिपक्यांची एक ओळ उठली, ती साबणाने धुतली, डेटॉल लावलं, संपलं. पण मनाला लागलं. रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला हातात घेऊन बसत होते मी. त्याला माझी सवय व्हावी म्हणून. आणि त्याने हे केलं.

बाळू माझा नव्हताच. तो माझ्या मामेभावाचा. दादा २०२४ च्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना काचेच्या टाकीसकट बाळूला आमच्याकडे वाढवणला ठेवून गेला. सोबत कागदही होते. आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळणं गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तसं सांगतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, म्हणून तो ठेवता येतो. पण 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद लागते, मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. ते सगळं दादाने नीट केलं होतं. बाळूला कसं सांभाळायचं हे मात्र घाईघाईत दोन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. बाकीचं मी रील्स बघून शिकले.

वाढवण म्हटलं की आता सगळे बंदराचंच विचारतात. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पालघरला त्याचं भूमिपूजन झालं. गावात दुसरा विषय नव्हता, आणि आमच्या घरात मात्र साप हा विषय होता.

दादा गेल्यापासून बाळूने काही खाल्लं नव्हतं. टाकीजवळ गेलं की मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडायची, फुस्स आवाज, आणि काचेवर थाड. आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ८२० ग्रॅम भरला होता. दीड महिन्याने ७४० झाला. पाठीचा कणा हाताला लागायला लागला.

बाबा म्हणाले, "वाडीत सोडून दे. तिथे उंदीर पुष्कळ आहेत."

मी फाडकन बोलले, "म्हणजे तुम्हाला मारायला बरा!"

हे बोलायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या चिकूच्या वाडीत बाबांनी एक धामण मारली होती. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी, वाडीवाल्याची खरी मैत्रीण. त्यांना अंधारात ती नाग वाटली. मी तेव्हा त्यांना खूप बोलले होते, आणि त्यानंतर आमच्यात जेवायला चला, लाईटबिल भरलं का, एवढंच बोलणं उरलं होतं. आता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हातोडी उचलली.

बाबा डाय बनवतात. वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात हा घरोघरी चालणारा जुना धंदा. लोखंडाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीने उलटी नक्षी कोरायची. मग सोनार त्या साच्यात सोन्याचांदीचा पत्रा दाबून दागिन्याचे भाग काढतात. दिवसभर ओटीवर टक टक टक. मी त्या आवाजात वाढले, त्यामुळे मला तो ऐकूच येत नाही.

बाळूला वाडीत सोडणं शक्य नव्हतं. परदेशी प्राणी मोकळा सोडणं बेकायदा, आणि पिंजऱ्यात वाढलेला साप बाहेर बहुधा मेलाच असता. शेवटी मुंबईतल्या एका डॉक्टरांना फोन लावला, ते सापांवरही उपचार करतात. टाकीचे फोटो पाठवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याला लपायला जागा कुठे आहे?"

होती की, प्लास्टिकचा एक गुलाबी किल्ला, तोही ऐसपैस.

मग त्यांनी एकेक चूक दाखवली. बॉल पायथन रानात उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत पडून असतो. अंगाला चारी बाजूंनी भिंत टेकली की त्याला सुरक्षित वाटतं. मी त्याला चारी बाजूंनी काचेत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ठेवला होता. गरमीसाठी लावलेल्या बल्बला थर्मोस्टॅट नव्हता. मोजलं तर त्याच्याखाली ३८ अंश. समुद्र एवढा जवळ असूनही बल्बने टाकीतली हवा कोरडी ठाक केली होती. त्यात मी रोज वरून हात घालून त्याला उचलत होते. सापाला वरून येतो तो शिकारी, घार किंवा घुबड. म्हणजे रोज संध्याकाळी मी अर्धा तास त्याची घार होत होते.

"तो रागीट नाही, घाबरलेला आहे," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे हात लावू नका. फक्त पाणी बदला."

टाकी गेली. तिच्या जागी झाकणाचा मोठा अपारदर्शक प्लास्टिकचा डबा आला, त्याला हवेची भोकं पाडली. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा. दोन मडकी पालथी घातली, काठाला त्याच्यापुरतं दार फोडून. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, म्हणजे लपायचं की ऊब घ्यायची असा प्रश्न त्याला पडू नये. थर्मोस्टॅट लावून एक बाजू ३२ अंशांवर आणली, दुसरी २६ च्या आसपास राहिली. हवेतला ओलावा ६० टक्क्यांवर आला. लाईट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवायची.

तरी बाळू मान आखडूनच.

पाचव्या दिवशी बाबांनी मला हाक मारली. धामणीच्या भांडणानंतर अशी हाक मी विसरलेच होते. "अगं, इकडे ये. बघ, मी ठोकायचं थांबलो की हा जीभ बाहेर काढतो. सुरू केलं की मान आत घेतो. त्याला माझी हातोडी कळते."

डबा बाबांच्याच लांब बाकाच्या टोकाला होता, कारण प्लग तिथे होता. सापाला बाहेरचा कान नाही, पण टेकलेल्या जबड्यातून जमिनीची थरथर त्याच्या आतल्या कानापर्यंत पोचते. दिवसाचे आठ तास बाळूच्या उशाखाली कोणीतरी ठोकत होतं. मी पुस्तकं, रील्स, डॉक्टर सगळं केलं, पण हे बाबांनी नुसतं बघून ओळखलं. त्या दुपारी आम्ही दोघांनी डबा उचलून मागच्या खोलीत नेला.

राहिलं खाणं. जिवंत उंदीर सापासोबत सोडायचा नाही. भुकेला नसलेला साप नुसता पडून राहतो आणि उंदीर त्यालाच कुरतडतो. मेलेला, फ्रीजरमधला उंदीर द्यायचा, सापाच्या अंगाच्या जाडीएवढा, वजनाने त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आतला. आईच्या फ्रीजरमध्ये बोंबील आणि कोलंबी. तिथे उंदीर जाणार हे कळल्यावर घरात जे झालं ते लिहीत नाही. शेवटी जुना छोटा फ्रीज माळ्यावरून खाली आला.

तेविसाव्या दिवशी, दिवेलागणीनंतर, उंदीर आधी पूर्ण वितळू दिला, मग कोमट पाण्यात पिशवीसकट धरून ऊबदार केला. दिवा मालवला. लांब चिमट्याने मडक्याच्या दारापाशी धरला. जीभ आली, गेली, पुन्हा आली. मग एक झटका, आणि तीन वेटोळी. मी अंधारात बसून रडले. मागे दारात बाबा उभे होते, हेही नंतर कळलं.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो. दर दहा दिवसांनी खाणं ठरलं. चौथ्या खाण्यानंतर मी त्याला पुन्हा उचललं. आधी कागदाच्या सुरळीने अंगाला हलकासा स्पर्श, म्हणजे आता खाणं नाही हे त्याला कळतं. मग बाजूने, खालून, दोन्ही हातांनी. पाच मिनिटं, आणि परत. त्याने मान आखडली नाही. मनगटाभोवती सैल वेटोळं घालून तो नुसता जीभ काढत राहिला. त्याला माझा लळा वगैरे लागलेला नाही. माझी भीती गेली आहे एवढंच, आणि सापाकडून तेवढं पुष्कळ झालं.

साप डूख धरत नाही. ठरावीक वास म्हणजे खाणं, ठरावीक हालचाल म्हणजे धोका, एवढं तो शिकतो. सूड लक्षात ठेवणं त्याच्या मेंदूला झेपणारं नाही. गारुड्यासमोर फणा काढून डोलणारा नागही पुंगीवर खूश नसतो, समोर हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून असतो. ज्या दिवशी त्रास थांबतो त्या दिवशी त्याचा राग संपतो. धामणीसाठी दोन वर्षं डूख धरून बसले होते ती मी.

बाळू आता ९६० ग्रॅम आहे. परवा मागच्या अंगणात सरपणाखालून एक लांबलचक धामण निघाली. आई ओरडली. मी फोन हातात घेतला, डहाणूत समुद्री कासवांवर उपचार करणारी जी संस्था आहे, तिथली मुलं साप धरायलाही येतात. बाबा ओटीवरून उठून आले, हातात हातोडी तशीच. त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"धामणच ना गं?" त्यांनी मला विचारलं.

"हो, बाबा."

"मग कशाला बोलावतेस कोणाला? जाऊ दे तिला वाडीत."

ती कुंपणाखालून निघून गेली. ती पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत बाबा तिथेच उभे राहिले. मग ओटीवर जाऊन बसले आणि पुन्हा टक टक सुरू झाली.